१८६८ ची ब्रिटिश निवडणूक: मताचा हक्क दिला डिझरायलीनं, जिंकला ग्लॅडस्टन, हे कसं काय?

कोल्हापूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो. १८६७ च्या दुसऱ्या रिफॉर्म ॲक्टवर आमच्या नोट्समध्ये जेमतेम दोन ओळी असतात, की या कायद्यानं ब्रिटनमधल्या शहरी कामगारांना मताचा हक्क मिळाला आणि तो दिला हुजूर पक्षाच्या सरकारनं, म्हणजे डर्बी पंतप्रधान आणि खालच्या सभागृहात सगळी सूत्रं डिझरायलीकडे. आणि पुढच्याच ओळीत १८६८ ची निवडणूक, लिबरल पक्षाचा मोठा विजय, ग्लॅडस्टन पंतप्रधान. मुलं दरवर्षी विचारतात की ज्यांना मत मिळालं त्यांनी देणाऱ्यालाच घरी बसवलं का. मला याचं ठरीव उत्तर द्यायचं नाहीये कारण प्रश्न खरंच चांगला आहे, आणि निवडणूक म्हणजे काय हे आपली मुलं घराबाहेर रोज बघत असतात, त्यामुळे तपशील हातात असला की त्यांना पटकन कळतं.

नक्की किती लोकांना मत मिळालं, डिझरायली का हरला, आणि मतदानाच्या दिवशी प्रत्यक्षात काय व्हायचं हे कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा. मोठा प्रतिसाद असला तरी चालेल, वेळ काढून वाचतो.


जुनी_वही

मास्तर, हक्क कुणी दिला इथपासूनच सुरुवात करायला हवी, कारण डिझरायलीनं मनात आणलं आणि दिलं असं ते झालेलं नाही.

१८६६ मध्ये रसेल आणि ग्लॅडस्टनच्या लिबरल सरकारनं एक अगदी बेताचं बिल आणलं होतं. ते त्यांच्याच पक्षातल्या रॉबर्ट लो आणि त्याच्या गटानं हुजूर पक्षाशी हातमिळवणी करून पाडलं, सरकार गेलं आणि डर्बीचं अल्पमतातलं सरकार आलं. त्याच जुलैमध्ये कामगारांना मत मागणाऱ्या रिफॉर्म लीग या संघटनेचा मोर्चा लंडनच्या हाइड पार्कवर गेला, पोलिसांनी दरवाजे बंद केले, गर्दीच्या रेट्यानं लोखंडी कठडे आडवे झाले आणि लोक आत घुसले. पुढच्या वर्षी ६ मे ला बंदी झुगारून तिथेच सभा झाली, सरकारनं सैन्य तयार ठेवलं होतं पण हात लावायची हिंमत झाली नाही, गृहमंत्री वॉलपोलला राजीनामा द्यावा लागला. हे वातावरण डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

डिझरायलीचं मूळ बिल दिसायला मोठं होतं, शहरात घर करून राहणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मत, मग घर भाड्याचं का असेना, पण अट अशी की त्यानं घरपट्टी स्वतः भरलेली पाहिजे. आता गरीब वस्त्यांमध्ये पद्धत काय होती तर घरमालक सगळ्या खोल्यांची पट्टी एकरकमी भरायचा, त्याला त्यात सूट मिळायची आणि तो ती भाडेकरूंच्या भाड्यात धरायचा. याला कंपाउंडिंग म्हणत. म्हणजे ज्याच्या नावावर पट्टीची पावतीच नाही तो मतदार यादीत येणारच नाही, आणि असे लाखो होते. १७ मे १८६७ ला न्यूअर्कचा लिबरल खासदार हॉजकिन्सन यानं दुरुस्ती मांडली की शहरांमधली ही पद्धतच बंद करा, प्रत्येक भाडेकरूनं पट्टी आपल्या नावानं भरायची. सभागृह जवळजवळ रिकामं होतं, आणि डिझरायलीनं मंत्रिमंडळाला न विचारता ती तिथल्या तिथे मान्य केली. एका दुरुस्तीनं चार-पाच लाख लोकांचा रस्ता मोकळा झाला.

त्यानं हे का केलं? माझं मत असं आहे की त्याला काहीही करून बिल पास करायचं होतं आणि ते ग्लॅडस्टनच्या हातून होऊ द्यायचं नव्हतं. ग्लॅडस्टनची दुरुस्ती आली की तो ती हाणून पाडायचा, आणि त्याहून जहाल दुरुस्ती एखाद्या साध्या खासदाराकडून आली की घ्यायचा. पक्षाला वीस वर्षं बहुमत नव्हतं हो, सारखं अल्पमतात सरकार चालवून ते लोक थकले होते. खुद्द डर्बीनं याला अंधारात मारलेली उडी म्हटलं होतं.

आकडे सांगायचे तर इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड मिळून मतदार साधारण साडेतेरा लाखांवरून चोवीस-पंचवीस लाखांच्या घरात गेले. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे कायदे वेगळे, १८६८ मध्ये झाले. पण मुलांना हेही सांगा की इंग्लंड आणि वेल्समध्ये एवढं होऊनसुद्धा तीन प्रौढ पुरुषांमागे जेमतेम एकाला मत होतं. खेड्यातला शेतमजूर, खाणीजवळच्या गावात राहणारा खाणकामगार यांना काही नाही, त्यांना १८८४ पर्यंत थांबावं लागलं. शहरातही एका जागी वर्षभर राहिल्याचा पुरावा पाहिजे, त्यामुळे कामासाठी सारखी खोली बदलणारा माणूस यादीतून आपोआप गळायचा.

आणि एक फार महत्त्वाचं. कंपाउंडिंग बंद झाल्यावर गरीब भाडेकरूच्या दारात एकदम पट्टीची बिलं आली, घरमालकानं भाडं काही कमी केलं नाही, थकबाकीसाठी समन्स निघाले. म्हणजे ज्याला मत मिळालं त्याच्या दृष्टीनं पहिला अनुभव हा खिशाला बसलेला फटका होता. १८६९ मध्ये ही पद्धत परत आणावी लागली, मताचा हक्क शाबूत ठेवून. तेव्हा नवीन मतदारानं डिझरायलीचे उपकार मानायचं काही कारणच नव्हतं.


रमाकांत_दापोली

जुनी_वही यांनी कायद्याचं छान लिहिलंय. मी हरण्याच्या कारणावर येतो.

निवडणूक मताच्या हक्कावर झालीच नाही, ती झाली आयर्लंडच्या चर्चवर. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिक, पण सरकारी चर्च मात्र प्रॉटेस्टंट अँग्लिकन, ज्याचे अनुयायी लोकसंख्येच्या साधारण आठवा हिस्सा. जमिनी, उत्पन्न, मान सगळा त्या चर्चला. १८६७ मध्ये फेनियन म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्रांतिकारकांचा उद्रेक झाला, मँचेस्टरला तिघांना फाशी दिली, डिसेंबरमध्ये लंडनला क्लर्कनवेल तुरुंगाची भिंत उडवताना शेजारच्या वस्तीतले लोक मेले. यानंतर आयर्लंडचं काहीतरी करायलाच हवं हे सगळ्यांना कळत होतं. फेब्रुवारी १८६८ मध्ये डर्बीनं तब्येतीमुळे पद सोडलं आणि डिझरायली पंतप्रधान झाला, आणि दोनच महिन्यांत ग्लॅडस्टननं आयरिश चर्चचा सरकारी दर्जा काढून घ्या असा ठराव आणून त्याला सभागृहात हरवलं.

यातली राजकीय चाल बघा, मला ती फार मोठी वाटते. १८६६ ला मताच्या प्रश्नावर फुटलेला लिबरल पक्ष या एका मुद्द्यावर पुन्हा एक झाला. इंग्लंडमधले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे सरकारी चर्चबाहेरचे लोक, वेल्समधले चॅपलवाले (चॅपल म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्यांचं प्रार्थनागृह), स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आणि आयर्लंडचे कॅथलिक, ज्यांचं एरवी एकमेकांशी पटायचं नाही, ते सगळे एका बाजूला. नवीन याद्या तयार व्हायला वेळ लागणार होता म्हणून डिझरायली हरूनही महिनोन् महिने खुर्चीत राहिला आणि मतदान नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झालं. ६५८ पैकी लिबरल ३८७, हुजूर २७१. डिझरायलीनं नवीन संसद भरायचीही वाट बघितली नाही, आधीच राजीनामा दिला, असं करणारा तो पहिला पंतप्रधान.

पण नवीन मतदार म्हणजे लिबरल मतदार असं समीकरण मुलांना देऊ नका. लँकेशायर बघा. कापड गिरण्यांचा प्रदेश, कामगारांची वस्ती, आणि तिथे हुजूर पक्षानं बाजी मारली. दुष्काळानंतर आलेले आयरिश कामगार कमी मजुरीत काम करतात हा राग, त्यात प्रॉटेस्टंट विरुद्ध कॅथलिक, वरून धर्मद्वेषी भाषणं करत फिरणारे वक्ते आणि दंगली. खुद्द ग्लॅडस्टन साउथ-वेस्ट लँकेशायरमध्ये पडला! ग्रिनिचमधूनही उभा केला होता म्हणून खासदार झाला, नाहीतर जिंकलेल्या पक्षाचा नेताच संसदेच्या बाहेर राहिला असता. लिबरल पक्षाचाच आणखी एक नेता लॉर्ड हार्टिंग्टन नॉर्थ लँकेशायरमध्ये पडला. म्हणजे गरीब माणसानं तिथे मालकाविरुद्ध न जाता शेजारच्या परक्याविरुद्ध मत दिलं. हे वाचताना वाईट वाटतं, पण हे सांगितल्याशिवाय १८६८ शिकवता येणार नाही.

लंडनच्या बाजूलाही तसंच. मिडलसेक्समध्ये उपनगरी मध्यमवर्गानं हुजूर पक्षाच्या तरुण लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनला निवडून दिलं, आणि वेस्टमिन्स्टरमध्ये जॉन स्टुअर्ट मिलसारखा विचारवंत पडला तो डब्ल्यू. एच. स्मिथकडून, ज्याची रेल्वे स्टेशनांवर पुस्तकांची दुकानं होती. मिलनं नॉर्थॅम्प्टनमध्ये उभ्या असलेल्या उघड नास्तिक ब्रॅडलॉला १० पौंड वर्गणी दिली होती, ते वेस्टमिन्स्टरच्या बऱ्या घरच्या मतदारांना अजिबात रुचलं नाही. ब्रॅडलॉही पडला. हाच ब्रॅडलॉ पुढे खासदार झाला आणि १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता.


कल्याणी_बर्मिंगहॅम

माझा आवडता विषय! मी गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅमला असते आणि या निवडणुकीचं या शहराचं प्रकरण स्वतंत्र सांगण्यासारखं आहे.

१८६७ च्या कायद्यात वरच्या सभागृहानं एक कलम घुसवलं होतं. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स या मोठ्या शहरांना तीन खासदार, पण प्रत्येक मतदाराला मतं दोनच. हेतू असा की तिसरी जागा अल्पसंख्य पक्षाला मिळावी, आणि या औद्योगिक शहरांत अल्पसंख्य म्हणजे हुजूर पक्ष. बर्मिंगहॅमचा लिबरल खासदार जॉन ब्राइट यावर भयंकर चिडला होता.

बर्मिंगहॅमच्या लिबरल असोसिएशननं मग काय केलं, तर वॉर्डावॉर्डात समित्या, प्रत्येक मतदाराची नोंद, आणि कोणत्या वॉर्डानं तिघांपैकी कोणत्या दोघांना मत द्यायचं हे आधीच ठरवून दिलं. एका वॉर्डाला ब्राइट आणि डिक्सन, दुसऱ्याला डिक्सन आणि मंट्झ, तिसऱ्याला मंट्झ आणि ब्राइट. आणि लोकांना सांगितलं, सांगितलंय तसंच मत द्या, स्वतःची आवडनिवड ठेवू नका. विचार करा, ब्राइट म्हणजे त्या काळातला देशातला सगळ्यात गाजलेला वक्ता, आयुष्यात पहिल्यांदा मत देणारा कामगार, आणि त्याला सांगायचं की तू ब्राइटला मत देऊ नकोस, आणि त्यानं ते ऐकलं! तिघेही निवडून आले, प्रत्येकाला साडेचौदा ते पंधरा हजारांच्या आसपास मतं, म्हणजे किती समान वाटणी झाली बघा. हुजूर पक्षाचे दोघं नऊ हजारांच्या आत राहिले.

याच्या मागे डोकं विल्यम हॅरिसचं होतं. पुढे जोसेफ चेंबरलेन याच यंत्रणेवर मोठा झाला. आपण आज बूथप्रमुख, वॉर्ड अध्यक्ष, मतदार याद्यांवर खुणा वगैरे म्हणतो ते सगळं मूळ रूपात इथे दिसतं, आणि ते कुणा हुकूमशहानं नाही तर मताचा हक्क वाढल्यामुळेच तयार झालं. दोन-तीन हजार मतदार असतात तेव्हा उमेदवार घरोघर जाऊन ओळखी काढतो. चाळीस हजार झाले की यंत्रणा लागते.

मँचेस्टरमध्ये उलट झालं. तिथे लिबरल पक्षाचे जास्त लोक उभे राहिले, मतं फुटली आणि हुजूर पक्षाचा ह्यू बर्ली चक्क पहिल्या क्रमांकानं आला. त्यात पडला अर्नेस्ट जोन्स, जुना चार्टिस्ट, कामगारांच्या मतासाठी तुरुंगात गेलेला माणूस. ज्यांच्या मतासाठी आयुष्य घालवलं त्यांनी मत दिलं तेव्हा तो हरला आणि पुढच्याच जानेवारीत वारला. मला ही गोष्ट कायम टोचते.


कोल्हापूरचा_मास्तर

काय सुंदर माहिती देताय सगळे, मनापासून आभार. घरपट्टीचा मुद्दा तर मुलांना एका मिनिटात कळेल. एक विचारतो, सांगितल्याप्रमाणे मत दिलं हे असोसिएशनला कळायचं कसं? मत गुप्त नव्हतं का?


सह्याद्री_८१

नव्हतं ना, तीच तर खरी मेख. १८६८ ही उघड मतदानानं झालेली शेवटची सार्वत्रिक निवडणूक.

प्रकार असा. गावात चौकात लाकडी मचाण बांधायचे, त्यावर उमेदवार, त्यांचे सूचक अनुमोदक आणि निवडणूक अधिकारी. खाली गर्दी, त्यात मत नसलेलेही सगळे, घोषणा, शिव्या, कधी भाजीपाला आणि चिखल फेकणं. अधिकारी हात वर करायला सांगणार, त्यावरून निकाल सांगणार, हरलेला म्हणणार मला रीतसर मतदान पाहिजे, मग दुसऱ्या दिवशी मतदान. शहरात सकाळी ८ ते दुपारी ४, म्हणजे गिरणीतल्या माणसाला एकतर जेवणाच्या सुट्टीत पळायचं नाहीतर मालकाच्या परवानगीनं जायचं. मतदार टेबलापाशी येणार, नाव सांगणार, आणि मोठ्यानं उमेदवाराचं नाव घेणार, कारकून वहीत लिहिणार. दोन्ही पक्षांची माणसं शेजारी बसून खुणा करणार, तासातासाला आकडे बाहेर लागणार, आणि कोण मागे आहे बघून पुढच्या तासाला घोडागाड्या सोडून माणसं उचलून आणणार. निवडणुकीनंतर बऱ्याच ठिकाणी या नोंदींची छापील पुस्तकं निघायची, नाव, धंदा, पत्ता आणि कुणाला मत दिलं. विकत मिळायची! म्हणजे तुमचा घरमालक, तुमचा किराणावाला, तुमचा मुकादम, सगळ्यांना माहीत.

याचा परिणाम वेल्समध्ये सगळ्यात वाईट झाला. तिथले जमीनदार बहुतेक अँग्लिकन आणि हुजूर पक्षाचे, कुळं चॅपलला जाणारी वेल्श बोलणारी. पिढ्यान् पिढ्या मालक सांगेल तिथे मत. १८६८ मध्ये कार्डिगनशायर, कार्मार्थनशायर भागातल्या कुळांनी पहिल्यांदा धीर करून लिबरल उमेदवाराला मत दिलं, आणि नंतर मालकांनी कित्येकांना जमिनीवरून काढलं, काहींचा खंड वाढवला. कुळ म्हणजे काय आणि जमीन काढून घेणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजवायला नको. या लोकांना मताचे परिणाम पक्के माहीत होते आणि तरी त्यांनी भर चौकात नाव घेतलं. मला विचाराल तर या सगळ्या निवडणुकीतलं सगळ्यात मोठं धाडस हेच. ग्लॅडस्टन, डिझरायली नंतर.

त्यांची बाजू संसदेत मांडली हेन्री रिचर्डनं. तो मर्थर टिडफिलमधून निवडून आला होता, लोखंड आणि कोळशाचं गाव, जिथे मतदार चौदाशेच्या आतून एकदम साडेचौदा हजारांवर गेले होते, दहापट. तो चॅपलचा धर्मोपदेशक आणि युद्धविरोधी चळवळीतला माणूस, साडेअकरा हजारांवर मतं घेऊन पहिला आला आणि बसलेला खासदार ब्रूस पडला. दुसरी जागा लोखंड कारखान्याच्या मालकाला, फॉदरगिलला गेली, म्हणजे कामगारांची एवढी मतं असूनही कामगार कुणी नाही.

पैशाचं तर काय सांगावं. यॉर्कशायरमधलं बेव्हर्ली गाव, मताला दर ठरलेला, दारू पाण्यासारखी. चौकशी आयोग बसला आणि १८७० मध्ये त्या गावाचा मतदारसंघच रद्द केला, ब्रिजवॉटरचाही तसाच. ब्लॅकबर्नमध्ये गिरणीतल्या मुकादमांनी विरोधात मत देणाऱ्यांना कामावरून काढलं म्हणून कोर्टानं निवडणूक रद्द ठरवली. एक चांगलं झालं होतं, निवडणूक तक्रारी खासदारांच्या समितीकडून काढून न्यायाधीशांकडे दिल्या होत्या आणि १८६८ लाच तो नियम पहिल्यांदा लागला, त्यामुळे हे सगळं शपथेवर नोंदलं गेलं आणि म्हणून आज आपल्याला कळतं.

या साक्षींमुळेच १८७२ चा बॅलट ॲक्ट आला. पहिलं गुप्त मतदान १५ ऑगस्ट १८७२ ला पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत. तिथे ज्येष्ठमधाच्या गोळ्या बनवायचा मोठा धंदा, तर मतपेटीच्या लाखेवर त्या कारखान्याचाच शिक्का मारला होता. ती पेटी अजून जपून ठेवलेली आहे.


मीनल_७

सगळं वाचून छान वाटलं, पण अजून अर्ध्या लोकसंख्येचं नाव निघालेलं नाही म्हणून लिहिते.

२० मे १८६७ ला, म्हणजे हॉजकिन्सनच्या दुरुस्तीनंतर तीनच दिवसांनी, मिलनं दुरुस्ती मांडली की कायद्यात पुरुष लिहिलंय तिथे व्यक्ती लिहा. बाजूनं ७३, विरोधात १९६. हरला, पण ७३ पुरुष खासदारांनी त्या काळात हो म्हणणं हे कमी नाही. त्याच्या आदल्या वर्षी जवळजवळ दीड हजार बायकांच्या सह्यांचा अर्ज त्यानंच संसदेत नेला होता.

मग मँचेस्टरमध्ये एक घटना घडली. लिली मॅक्सवेल नावाची विधवा, चिनी मातीच्या भांड्यांचं छोटं दुकान चालवणारी, पट्टी स्वतः भरायची. तिचं नाव चुकून मतदार यादीत आलं. बायकांच्या मतासाठी झटणारी लिडिया बेकर तिला नोव्हेंबर १८६७ च्या पोटनिवडणुकीत घेऊन गेली आणि मतदान उघड असल्यामुळे लिलीनं सगळ्यांसमोर लिबरल उमेदवार जेकब ब्राइटचं, म्हणजे जॉन ब्राइटच्या भावाचं, नाव घेतलं, नाव यादीत असल्यामुळे अधिकाऱ्याला ते लिहून घ्यावंच लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. यावरून स्फूर्ती घेऊन १८६८ साठी एकट्या मँचेस्टरमध्ये पाच हजारांवर बायकांनी यादीत नाव घाला म्हणून दावे केले. युक्तिवाद सरळ होता, घर आमच्या नावावर, पट्टी आम्ही भरतो, मग मत का नाही. मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी कोर्टानं दावा फेटाळला. बायकांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये रिचर्ड पँकहर्स्ट होता, ज्याची बायको एमेलिन पुढे या लढ्याची सेनापती झाली.

तरी पूर्ण रिकाम्या हातानं परत आल्या नाहीत. १८६९ मध्ये जेकब ब्राइटनं पट्टी भरणाऱ्या बायकांना नगरपालिकेचं मत मिळवून दिलं. संसदेचं मिळायला १९१८ उजाडलं.


भाऊ_नागपूर

सगळ्यांचे प्रतिसाद उत्तम पण माझं मत जरा वेगळं आहे. १८६८ वर थांबून डिझरायली चुकला म्हणणं बरोबर नाही. त्याला कळलं होतं की शहरातला साधा माणूस हुजूर पक्षाला मत देऊ शकतो. १८७४ ला बघा, ३५० च्या आसपास जागा, १८४१ नंतर पक्षाला पहिल्यांदा स्पष्ट बहुमत, आणि तेही गुप्त मतदानात. म्हणजे १८६७ चं बी १८७४ ला उगवलं. दूरदृष्टीच म्हणायची की.


जुनी_वही

भाऊ, १८७४ चे आकडे बरोबर आहेत पण दूरदृष्टी मला पटत नाही. कंपाउंडिंगच्या दुरुस्तीनं किती मतदार वाढतील याचा हिशोब सरकारकडे नव्हता, ती घाईत घेतलेली होती. आपण पक्षाला हळूहळू शिकवून तयार केलं हे डिझरायलीनं बिल पास झाल्यावर, ऑक्टोबर १८६७ च्या एडिंबरोच्या भाषणात सांगितलं. त्याआधीच्या कागदपत्रांत तसं काही दिसत नाही.

त्याचं खरं कौशल्य जागांच्या फेरवाटपात दिसतं. लहान शहरांच्या जागा काढल्या त्यातल्या बऱ्याच काउंटीला, म्हणजे ग्रामीण भागाला दिल्या, जिथे पक्ष भक्कम होता. मतदार शहरात वाढवले आणि जागा गावाकडे. त्यामुळे १८६८ ला पराभव झाला तरी इंग्लंडच्या काउंट्या हातात राहिल्या. आणि १८७४ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारवर सगळेच नाराज होते, शिक्षण कायद्यावरून चॅपलवाले, दारूच्या परवान्यांवरून पबवाले, संपाच्या कायद्यावरून कामगार संघटना. त्याचं श्रेय १८६७ ला देता येत नाही.


भाऊ_नागपूर

जागांच्या वाटपाचा मुद्दा मान्य. तरीही मी म्हणेन की कारण काहीही असो, लाखो लोक मतदार झाले ते त्याच्या सहीनं, आणि त्याच्याच पक्षातला क्रॅनबोर्न, पुढचा लॉर्ड सॉल्सबरी, या प्रश्नावर मंत्रिपद सोडून गेला तरी तो मागे हटला नाही. याचं श्रेय द्यायला हवं.


रमाकांत_दापोली

कामगार खासदार का झाला नाही यावर थोडं, कारण सह्याद्री यांनी तो विषय काढलाय. १८६८ मध्ये एकही कामगार निवडून आला नाही. रिफॉर्म लीगचा सचिव जॉर्ज हॉवेल एल्सबरीला पडला, क्रेमर वॉरिकला पडला, जॉर्ज ऑजरला चेल्सीतून माघार घ्यावी लागली. खासदाराला पगार नव्हता, तो १९११ ला सुरू झाला, आणि मतदान केंद्राचा, कारकुनांचा सरकारी खर्चसुद्धा उमेदवारांकडून वसूल व्हायचा. शिवाय लीगनं लिबरल पक्षाचा प्रतोद ग्लिन याच्याशी गुपचूप समझोता केला होता, पैसे घेऊन गावोगाव नवीन मतदार लिबरल उमेदवारांसाठी तयार करायचे. हाइड पार्कचे कठडे मोडणारी संघटना दोन वर्षांत श्रीमंत उमेदवारांचं प्रचारकाम करत होती. मला याचा राग येतो, पण त्यांच्याकडे निधी नव्हता आणि ग्लॅडस्टनवर त्यांचा खरोखर विश्वास होता हेही आहे. पहिले दोन कामगार खासदार, दोघंही खाणकामगार, मॅकडॉनल्ड आणि थॉमस बर्ट, १८७४ ला आले.

आणि आपल्याकडचा धागा विचाराल तर तो थोडा पुढे लागतो. १८८४ ला मतदार परत वाढले आणि १८८५ च्या निवडणुकीआधी भारतातून तीन प्रतिनिधी ब्रिटनला पाठवले, तिथल्या नवीन मतदारांसमोर भारताची बाजू मांडायला. त्यातले मुंबईचे होते नारायण गणेश चंदावरकर, तेव्हा तिशीचेच. आणि १८९२ ला दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून आले, ते लंडनच्या याच मतदारांच्या जोरावर.


कोल्हापूरचा_मास्तर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, प्रिंट काढून ठेवतो. कल्याणीताई, एकच शेवटचं. तीन जागा दोन मतं हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येईल का? आमच्याकडे वर्गात साधारण ६० मुलं असतात.


कल्याणी_बर्मिंगहॅम

येईल ना सर, मस्त होईल. ३९ मुलं लिबरल करा, २१ हुजूर. लिबरलचे तीन उमेदवार, हुजूरचे दोन, प्रत्येकाला दोन मतं.

पहिल्यांदा काही न ठरवता करू द्या. बरीचशी लिबरल मुलं आपल्या आवडत्या दोघांनाच मत देतील, तिसरा मागे पडेल आणि हुजूरचा एक २१ मतं घेऊन आत येईल. वरच्या सभागृहाला हेच पाहिजे होतं. दुसऱ्यांदा ३९ चे १३-१३ चे तीन वॉर्ड करा आणि प्रत्येक वॉर्डाला वेगळी जोडी द्या. तिघांनाही २६-२६ मिळतील, हुजूरचे २१ वर, तिन्ही जागा लिबरल. हे उघड मतदानानं करा, एका मुलाला वही घेऊन नाव लिहायला बसवा, म्हणजे कुणी ऐकलं नाही ते लगेच दिसेल.

मग तिसरी फेरी ३५ विरुद्ध २५ अशी घ्या, ही नक्की घ्या. लिबरलनी परत तिघं उभे करून अगदी समान वाटणी केली तरी ७० मतं तिघांत म्हणजे २३ किंवा २४ प्रत्येकी, आणि हुजूरचे दोघंही २५-२५ वर. बहुमत असूनही लिबरलना एकच जागा! समान वाटणीचा डाव साठ टक्क्यांच्या वर मतदार असतील तरच चालतो, त्याच्या खाली असाल तर दोघंच उभे करायचे आणि दोन जागा पक्क्या करायच्या. बर्मिंगहॅममध्ये लिबरल मतदार सत्तर टक्क्यांच्या आसपास होते म्हणून हॅरिसला ते जमलं.